आमची वाटचाल : कडबा कुट्टीपासून मुरघासाच्या बेलपर्यंत

संगमनेर-अकोले पट्ट्यात ज्यांच्या दावणीला चार एचएफ (होल्स्टीन) गाई आहेत, त्यांना मुरघासाचा मका कापून देणारं आमचं हार्वेस्टर ओळखीचं आहे. ट्रॅक्टर कोणाचा, मशीन कोणाचं, हे आवाजावरून सांगणारी पोरं आहेत गावोगावी. तरीही ‘तुमचा दर टनाला इतका, आणि त्या अमक्याचा तितका, मग तुम्हाला का बोलवायचं?’ हा प्रश्न आम्हाला दर हंगामात ऐकावा लागतो. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

सुरुवात २०१२-१३ च्या दुष्काळानं झाली. कडब्याचा शेकडा परवडेना, उसाचं वाढं मिळेना, लोकांनी दुभती जनावरं बाजारात नेली. त्याच वर्षी आमच्याकडे लोकांना पहिल्यांदा कळलं, की पाऊस असताना चारा मुरवून ठेवला तर उन्हाळ्यात गाय विकावी लागत नाही. खड्ड्यातला मुरघास, म्हणजे हिरव्या चाऱ्याची कुट्टी दाबून हवाबंद मुरवणं, काही नवा नव्हता, कृषी विद्यापीठाची माणसं आणि पशुवैद्यक वर्षानुवर्षं सांगतच होते. अडचण सांगण्याची नव्हती, करण्याची होती. एकरभर मका विळ्यानं कापायचा, पेंढ्या बांधायच्या, ट्रॉलीनं गोठ्यावर आणायच्या, मग तीन एचपीच्या मोटरवर कुट्टी करायची. दहा-बारा बाया लावल्या तरी एकराला दोन-तीन दिवस जायचे. ढिगाखालची कुट्टी तोवर तापून वाफ सोडायला लागायची. मुरघासाला हवा लागता कामा नये आणि आमची पद्धत तर हवा खाऊ घालण्याचीच होती. त्यात कांदा लागवड सुरू झाली की बाया मिळायच्याच नाहीत. लागवडीचा उक्ता दर सोडून मका कापायला कोण येईल?

आम्ही दोघं होतो. मी आणि मिस्त्री. मिस्त्रींचं वेल्डिंग आणि लेथचं दुकान, कुट्टी मशीन दुरुस्तीत हातखंडा. आमच्या भागात कुट्टीत बोटं गेलेली माणसं कमी नाहीत. मिस्त्री प्रत्येक मशीनला स्वतःच्या खर्चानं पुढे लांब पत्र्याची घळ लावून द्यायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, याचे पैसे देणार नाही. मिस्त्री म्हणायचे, देऊ नका, पण काढूही नका. असा भागीदार मिळायला नशीब लागतं. व्यवहारात ते कच्चे होते हेही तितकंच खरं, उधारीची वही त्यांच्याकडे दिली की ती कोरीच राहायची.

पहिली दोन वर्षं आम्ही फक्त मुरघासाच्या बॅगा भरून दिल्या. मग पंजाबातून एका ओळीचं हार्वेस्टर आणलं, ५५ एचपीच्या ट्रॅक्टरवर चालणारं. ज्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं त्यांना काम समजायलाच वेळ लागला. मशीन एक ओळ धरतं, बुडातून कापतं, साखळी धाट आत ओढते, जड चाकावर बसवलेली पाती त्याची कुट्टी करतात आणि तोच झोत नळीतून मागच्या ट्रॉलीत जातो. एकर दीड-दोन तासांत मोकळं. सकाळी उभा असलेला मका संध्याकाळी बॅगेत दाबून, तोंड बांधून तयार. यंत्रानं मजुरी वाचवली असं सगळे म्हणतात. माझ्या मते मजुरी ही दुय्यम गोष्ट. यंत्रानं वेळ वाचवला. मुरघासाच्या मक्याला कापणीचे दिवस थोडेच असतात. त्या दिवसांत जो कापून, दाबून, झाकून मोकळा झाला त्याचा चारा सोनेरी निघतो, बाकीच्यांचा काळा.

या मशीनचा जीव पात्यांत आहे. फिरतं पातं आणि खालची स्थिर पट्टी यांच्यात कागद जाईल एवढीच फट हवी. धार गेली की धाट कापलं जात नाही, फाटतं, कुट्टीला दशा निघतात, आणि तसली कुट्टी कितीही दाबा, हवा आत राहतेच. एक ते दोन सेंटिमीटरचा स्वच्छ तुकडा पडला पाहिजे. आम्ही रोज सकाळी धार लावतो. शेतकरी बांधावर उभा राहून घड्याळ बघतो, ‘अहो सुरू करा’ म्हणतो. करत नाही. ज्याला घाई आहे त्यानं दुसरं मशीन बघावं.

दुसरी गोष्ट शिअर बोल्ट. दगड किंवा लोखंड आत गेलं तर हा बोल्ट तुटतो आणि पुढची मोडतोड वाचते. तो तुटण्यासाठीच असतो. पाच-दहा रुपयांचा साधा बोल्ट. पण दिवसात दोनदा तुटला की ड्रायव्हरला वैताग येतो, आणि मग तो काय करतो? डोक्यावर ८.८ कोरलेला कडक बोल्ट घालतो. आमच्या ड्रायव्हरनं मार्च २०२० मध्ये नेमकं हेच केलं, न विचारता. ठिबकच्या लाईनला लावलेला सळईचा तुकडा आत गेला. बोल्ट तुटला नाही, गिअरबॉक्सचे दात गेले. त्याच आठवड्यात देश बंद झाला.

इथून पुढचे सहा-सात महिने आमच्या फर्मचा अंत बघणारे होते, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण त्या काळात कोण कसं वागलं ते लक्षात राहिलं आहे.

गिअर पंजाबातून यायचा होता. ट्रान्सपोर्ट बंद. फोनवर डीलर आधी ‘बघतो’ म्हणाला, नंतर त्यानं फोन उचलणंच बंद केलं. मशीन विकताना हाच माणूस जेवायला घेऊन गेला होता. बाजूला बेलरचं, म्हणजे कुट्टी दाबून तिचे घट्ट गठ्ठे (बेल) करणाऱ्या मशीनचं, कर्ज नुकतंच डोक्यावर घेतलेलं. हप्ते पुढे ढकलायची मुभा मिळाली, व्याज मात्र चालूच. हॉटेलं, मिठाईची दुकानं बंद झाली तसा गाईच्या दुधाचा दर तिशीवरून विशीच्या आसपास घसरला. ज्यांच्याकडे आमची उधारी होती त्यांचा दहा दिवसांचा दुधाचा पगार खुराकालाच पुरेना, त्यांना काय मागणार?

मिस्त्रींनी दुकान मागच्या दारानं उघडलं. गिअरचे गेलेले दात वेल्डिंगनं भरले आणि फाईलनं एकेक दात घासून आकाराला आणला. जुन्या गिअरवर शाई लावून कुठे घासतंय ते बघायचं, पुन्हा खोलायचं, पुन्हा घासायचं. ‘अर्ध्या लोडवर चालवा, जोर लावलात तर मला बोलावू नका’ एवढंच म्हणाले. त्या गिअरवर आम्ही मे महिना काढला. आजही तो गिअर शेडमध्ये खिळ्याला टांगलेला आहे.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. आमच्या पट्ट्यात उन्हाळी मका कापणीला आलेला, तो आडवा झाला. ओळीचं मशीन आडवा मका उचलत नाही, साखळीच्या तोंडाला धाट उभंच यावं लागतं. पुन्हा विळे, पुन्हा बाया, पुन्हा शेतावर कुट्टी मशीन. ज्यांचं काम आम्ही ठरवून घेतलं होतं त्यांचं सगळं त्याच दरात उरकून दिलं, वरची मजुरी आम्ही भरली. हे कोणी सांगत नाही, म्हणून मीच सांगतो.

आणि त्याच वेळी शेजारच्या तालुक्यातले एक गृहस्थ मोठं मशीन घेऊन आले. टनाला २०० रुपये कमी. आमचा तो ८.८ वाला ड्रायव्हर त्यांच्याकडे गेला, जाताना आमच्या गिऱ्हाइकांचे नंबर घेऊन गेला. ‘यांचं मशीन बंद पडलंय, फर्म गुंडाळतायत’ ही आवई गावोगावी पोचली. लोक गेले. दर कमी, काम झटपट आणि शेतही लवकर मोकळं, कारण ते मका साठ-पासष्टाव्या दिवशीच कापायचे. शेतकऱ्याला वाटायचं, वा, कांद्याला रान लवकर मिळालं आणि टनही जास्त भरले!

टन जास्त भरणारच हो. चिकातला, म्हणजे दाण्यात अजून दूधच असलेला मका म्हणजे पाणी. त्यात कोरडा अंश, म्हणजे पाणी वगळून उरणारा चारा, १८-२० टक्के. आम्ही थांबून कापतो, दाण्यावरची दुधाळ रेषा (वरचा घट्ट भाग आणि खालचं दूध यांच्यामधली) निम्म्यावर उतरल्यावर. साधारण ऐंशी ते नव्वद दिवस, वाणाप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे कमी-जास्त. तेव्हा कोरडा अंश ३०-३५ टक्के असतो. म्हणजे त्यांच्या टनात गाईच्या पोटात जाणारं १८०-२०० किलो आणि आमच्या टनात ३०० च्या वर. टनाला २०० रुपये कमी देऊन माणूस स्वस्तात घेतोय की महागात, याचा हिशोब चौथीतला पोरगाही करील. पण वजनकाट्यावर पाणी दिसत नाही. सगळा बाजार टनावर चालतो आणि टनाचा धंदा नेहमी ओला चारा विकणाऱ्याच्या फायद्याचा असतो. यावर मी बोलायला लागलो की लोक म्हणतात, स्वतःचा दर जास्त म्हणून बोलतोय.

एकच गिऱ्हाईक आमच्या हातून कायमचं सुटलं नाही. तळेगावकडच्या एक काकू. नवरा गेल्यावर गोठा त्यांनीच सांभाळला. डेअरीच्या पावत्या तारखेवार तारेत ओवून ठेवायच्या, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) किती, कुठला चारा चालू होता, सगळं पावतीच्या मागे लिहिलेलं. मुलानं हट्ट करून त्या दुसऱ्यांच्या बॅगा एकदा घेतल्या. बॅगांखालून काळं पाणी झिरपायला लागलं, तोंड उघडलं तर उग्र कुजकट वास. गाई गव्हाणीत तोंड घालून मागे सरायच्या. पावत्यांवर फॅट उतरत गेलेलं काकूंनी मुलाला तारेतूनच दाखवलं. तो म्हणाला, पण स्वस्त पडलं होतं. काकू म्हणाल्या, ‘पाणी मला विहिरीतून फुकट मिळतं.’

पुढच्या हंगामाची निम्मी रक्कम त्यांनी आगाऊ आणून दिली, मी न मागता. वर गावातल्या दूध संकलन केंद्रावर बसून चार माणसांना पावत्या दाखवल्या. फर्म त्यावर तरली असं म्हणणार नाही, जुना ट्रॅक्टर विकावा लागलाच आणि मिस्त्रींनी आपला वाटा दोन वर्षं उचलला नाही. पण पहिला फोन परत यायला लागला तो काकूंच्या गावातून.

पुढची वर्षं ठीक गेली. जनावरांच्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत २०२२ ला लोक मशीन गोठ्याजवळ येऊ देत नव्हते, तेवढं सोडलं तर सांगण्यासारखं काही नाही. २०२३ ला निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याला पाणी आलं आणि तळेगावच्या बाजूनं मक्याची कामं वाढली. मिस्त्री आता भागीदारीत नाहीत, पण नवं मशीन घेतलं की आधी तेच येऊन नावं ठेवून जातात. सध्या दोन हार्वेस्टर आणि एक गोल बेलर आहे. नव्या मशीनला दाणा फोडणारे रोलर आहेत. ते नसले तर अख्खा दाणा शेणातून तसाच बाहेर पडतो, पैसे खतात जातात. विश्वास नसेल तर शेण धुऊन बघा.

शेडमध्ये एक जुना मायक्रोवेव्ह ठेवला आहे. पाहुणे विचारतात, इथे स्वयंपाक करता का? १०० ग्रॅम कुट्टी घ्यायची, शेजारी पेलाभर पाणी ठेवायचं म्हणजे ती करपत नाही, आणि वजन हलायचं थांबेपर्यंत थोडी-थोडी वाळवायची. उरलेले ग्रॅम तोच कोरडा अंश टक्क्यांत. ज्याला हवा त्याला आम्ही कोरड्या अंशावर दर लावून देतो. काकू घेतात, आणखी चार-पाच जण घेतात. बाकीचे काट्याची पावती मागतात. ज्यांना मायक्रोवेव्ह नको त्यांनी निदान कुट्टी मुठीत आवळून बघावी. रस बोटांतून टपकला तर थांबा. मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला तर मशीन बोलवा. लगेच भुगा झाला तर उशीर झाला, कुट्टी बारीक करा आणि जास्त दाबा.

तरुण पोरं विचारायला येतात, काका, बेलर घ्यावं का, अनुदान आहे म्हणतात. अनुदान बघून मशीन घेऊ नका. आधी आपल्या पंधरा किलोमीटरच्या आत दूध किती, मका किती, त्यातला किती एकाच आठवड्यात कापायला येतो ते बघा. आणि वेल्डिंगवाला जवळ असेल तरच घ्या. खड्डा करणाऱ्यांना एवढंच सांगतो, झाकायचा प्लास्टिक कागद चांगला वापरा, रोज समोरून सरळ कापा, वरून उकरू नका, उंदराचं भोक दिसलं की त्याच दिवशी टेप मारा. किमान ४५ दिवस उघडू नका. पाव्हणे आले म्हणून दाखवायलाही नाही.

यंदाच्या खरिपाच्या मक्याची नोंद सुरू आहे. फोन करताना एकर सांगण्याआधी पेरणीची तारीख आणि वाण सांगा, तुरा आला की पुन्हा फोन करा. कांद्याच्या रोपाची तारीख सांगू नका, त्यावर आम्ही कापणी ठरवत नाही. जमिनीपासून सहा इंच धाट सोडूनच कापलं जाईल, त्यावरून बांधावर वाद नको. आणि ठिबकच्या नळ्या, सळया, खुंट्या आदल्या दिवशी गोळा करून ठेवा. बोल्ट आम्ही साधाच लावतो, तुटला तर बदलायला पाच मिनिटं लागतात, तेवढं थांबावं लागेल.