ठाकूरचं रडणं

अण्णा हवालदार म्हणून निवृत्त झाले. टीव्हीवर 'शोले' लागला आणि शेवटी पोलीस आले की ते हमखास म्हणायचे, "आलो बघ आम्ही. सगळं उरकल्यावर." घरात हशा पिकायचा. मला मात्र तो शेवट लहानपणापासून खटकायचा, आणि का खटकतो ते धड सांगता यायचं नाही.

15 ऑगस्ट 1975 ला सिनेमा लागला तेव्हा आणीबाणी होती. रमेश सिप्पींनी आधी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. माजी का होईना, पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घ्यावा हे सेन्सॉरला पटलं नाही. (हातच नसलेल्या माणसाबद्दल हा वाक्प्रचार वापरताना कसंसंच होतं.) मग शेवट पुन्हा चित्रित झाला: ऐन वेळी पोलीस येतात, कायद्याची आठवण करून देतात, ठाकूर थांबतो.

पण याच कायद्यानं गब्बरला एकदा तुरुंगात घातलं होतं की! ठाकूरनंच पकडून दिला होता. तो पळाला आणि त्यानं ठाकूरचं घर संपवलं, नातवासकट. आता तोच गब्बर पुन्हा त्याच कायद्याच्या स्वाधीन. आणि बिचाऱ्या वीरूचं काय? जय नुकताच त्याच्या मांडीवर गेलाय. गब्बर त्याच्या तावडीत आहे, आणखी दोन मिनिटांत संपला असता. तेवढ्यात ठाकूर जयनं दिलेल्या शब्दाची आठवण करून देतो: गब्बर मला जिवंत हवा. मित्राच्या शब्दाखातर वीरू स्वतःचा सूड सोडून देतो. हे सोडणं मला त्या सिनेमातलं सगळ्यात अवघड काम वाटतं. आणि ठाकूर पुढे काय करतो, तर गब्बर इन्स्पेक्टरच्या हवाली! वीरूच्या जागी मी असतो तर भांडलो असतो.

गंमत म्हणजे, खिळ्यांच्या बुटांनी गब्बरचे हात चिरडणं बदललेल्या शेवटातही आहे. म्हणजे हाताला हात चालतो, जिवाला जीव नाही. हा कुठला हिशेब?

मूळ शेवट मी बऱ्याच उशिरा, अण्णांबरोबरच पाहिला. गब्बर मरतो. आता ठाकूर छाती पुढे काढून उभा राहील असं वाटतं. पण तो कोसळतो. ढसाढसा रडतो. इतकी वर्षं ज्याच्यावर जगला तो सूडच संपला. नातू काही परत आला नाही. संजीव कुमारचा चेहरा तिथं एकदम म्हातारा दिसतो. डोळे पुसायला हात वर येणार नाहीत हे आपल्याला ठाऊक असतं, तरी आपण वाट बघतो. सुडानं काय उरतं हे सांगणारा अख्ख्या सिनेमातला हा एकच प्रसंग, आणि सूड वाईट म्हणून कापला तोही हाच. पोलिसांनी अडवलेला ठाकूर सज्जन राहतो खरा, पण त्याला हे कळायची वेळच येत नाही.

वीरू त्याला शाल पांघरून जवळ घेतो. मी अण्णांकडे पाहिलं. नेहमीचं वाक्य या खेपेला नव्हतं, कारण पोलीस आलेच नव्हते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "शाल घातली ते बरं केलं पोरानं."