आंजर्ल्याची लेव्हल: खाडीवरून कड्यावर

पावसाळ्यानंतर उघडलेली डम्पी, म्हणजे उंचीतला फरक मोजायची जुन्या घडणीची दुर्बीण, पुन्हा जुळली आहे, आणि जोग नदीच्या खाडीकाठापासून कड्यावरच्या गणपतीकडे लेव्हल नेण्याचं, म्हणजे टप्प्याटप्प्याने उंची मोजत जाण्याचं, काम निम्म्यावर आलं आहे. घाटीच्या मधल्या वळणापर्यंत चढून परत खाली सुरुवातीच्या जागी येऊन मोजणी बंद केली. कोकणातल्या चढावर डम्पी लावणाऱ्यांना उपयोगी पडेल ते लिहून ठेवतो.

आधी यंत्राविषयी. विल्यम ग्रॅव्हॅटने १८३२ मध्ये आखडती, जाड दुर्बीण थेट बैठकीला जखडली, तीच ही घडण. त्याआधीच्या वाय लेव्हलची दुर्बीण उचलून फिरवता यायची, पण सुटे भाग जास्त म्हणून बिघाडही जास्त. माझी डम्पी पितळी आहे, प्रतिमा उलटी दाखवते, त्यामुळे आकडे वरून खाली वाढताना दिसतात. सवय होते. ऑटो लेव्हल, म्हणजे दृष्टिरेषा आपोआप आडवी ठेवणारी, १९५० पासून बाजारात आहे, झाइसची एनआय-२ ही पहिली, आणि काम उरकायचं असेल तर तीच घ्यावी. पण नळीतला हवेचा फुगा हाताने मधोमध आणताना लेव्हल म्हणजे नक्की काय ते कळतं, ते मला ऑटोमध्ये मिळत नाही.

आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या बाजूच्या, भिंगांवर बुरशीची जाळी धरली होती. ती निघाली, काचेवर डाग राहिला नाही. समुद्रालगत राहणाऱ्यांनी यंत्र मूळच्या लाकडी पेटीत ठेवूच नये. आतलं बनातीचं अस्तर पावसाळाभर ओल धरून बसतं. हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि अधूनमधून ते जेल तापवून कोरडं करणं, एवढं पुरतं.

डायफ्रॅमचे, म्हणजे वाचनाची रेघ दाखवणाऱ्या दुर्बिणीतल्या कड्याचे, धागे मात्र तुटलेले होते. काचेवर कोरलेली रेघ बसवता आली असती, पण त्या कड्याच्या जुन्या खाचा इतक्या नेमक्या होत्या की कोळ्याचाच धागा घेतला. दोन टोकांच्या काटकीवर धागा गुंडाळायचा, ओलसर करायचा, ताणून खाचेत बसवायचा आणि दोन्ही टोकांना लाखेचा थेंब द्यायचा. वाळताना तो ताणला जातो. एक उभा आणि तीन आडवे बसले. मधला वाचनासाठी, वरचा-खालचा अंतरासाठी.

मग दोन खुंट्यांची परीक्षा, दृष्टिरेषा आडवी आहे की झुकलेली ते बघायला. ती सपाट वाळूवर नाही, टणक जमिनीवर करावी. स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उभी पट्टी, रुतला की सगळं वाया. खुंट्या ६० मीटरवर. यंत्र मधोमध ठेवल्यावर अ खुंटीवरच्या स्टाफवर १.४८२ मीटर, ब वर १.२३७, म्हणजे ब ०.२४५ ने उंच. यंत्रात कितीही दोष असो, दोन्ही अंतरं सारखी असल्यामुळे हा फरक खराच. मग यंत्र अ च्या पलीकडे दोन मीटरवर नेलं. अ वर १.५३०, म्हणून ब वर १.२८५ यायला हवं, आलं १.२९७. दृष्टिरेषा वर झुकलेली, ६० मीटरला १२ मिलिमीटर. फुग्याच्या नळीचं जुळणं आधीच झालं होतं, त्यामुळे आता फक्त डायफ्रॅमचे स्क्रू: एक सैल करायचा, समोरचा तेवढाच आवळायचा.

सपाटीवर हा दोष चालून जातो, यंत्रापासून मागच्या आणि पुढच्या स्टाफचं अंतर सारखं ठेवलं की तो कटतो. घाटीत तसं होत नाही. यंत्राची उंची १.४ मीटर, स्टाफ चार मीटरचा. खाली धरलेल्या स्टाफवर २.६ मीटरचा उतार मावतो, वर मात्र १.४ मीटर चढ झाला की रेषा जमिनीतच घुसते. त्यामुळे मागचं अंतर आपोआप लांब पडतं, पुढचं आखूड. समजा मागे २५ मीटर, पुढे १२. तेरा मीटरच्या फरकावर माझ्या जुन्या दोषाने अडीच मिलिमीटरच्या वर चूक, आणि चढताना प्रत्येक वेळी एकाच दिशेची. वीस टप्प्यांत पाच सेंटिमीटर. म्हणून माझं ठाम मत: घाटी चढण्याआधी ही परीक्षा झालीच पाहिजे. वर यंत्र वाटेच्या सरळ रेषेत न लावता बाजूला सरकवून लावावं. वरच्या-खालच्या धाग्यांमधला फरक दोन्ही स्टाफवर सारखा आला की अंतरं सारखी.

दुसरा शत्रू जांभा. भाचा स्टाफ धरतो, पण एकदा त्यालाही दुर्बिणीतून बघायचं होतं. उन्हं वर आलेली. तो म्हणाला, "मामा, आकडे नाचतायत." तापलेल्या कातळालगतची हवा प्रकाश वाकवते, आणि चढावर पुढचं वाचन नेमकं स्टाफच्या पायाजवळचं असतं. म्हणून ०.५०० च्या खालचं वाचन घ्यायचं नाही आणि ऊन तापायच्या आत आटपायचं, असे दोन नियम ठेवले आहेत. टप्पे वाढतात, वाढू देत.

खाडीकाठच्या जांभ्या पायरीवर तात्पुरता बेंचमार्क, म्हणजे उंचीचा संदर्भबिंदू, धरला, आरएल (मानलेली उंची) १०.००० मीटर. जाऊन-येऊन १.६ किलोमीटर, बंद होताना फरक ९ मिलिमीटर. बारा गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ ही मर्यादा धरली तर १५ मिलिमीटर चालतात. या दुर्बिणीकडून मला एवढंच हवं होतं.

समुद्रसपाटीपासून किती, हे यातून निघत नाही. भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीने काढून खाडीत पाणी मोजता येईल, पण उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांतलं अंतरच मोठं, आणि सरासरी नीट धरायची तर सुमारे १९ वर्षांच्या नोंदी लागतात. देशाची पातळी १९०९ मध्ये नऊ बंदरांच्या भरती-नोंदींवर बसवली गेली, त्यांत आपल्या बाजूला मुंबई आणि कारवार. त्या जाळ्यातला, सर्व्हे ऑफ इंडियाचा, एखादा शाबूत बेंचमार्क गाठून माझी पायरी त्याला जोडायची आहे. त्याआधी वरची निम्मी घाटी. तिथे पायऱ्या उंच आणि झाडी दाट, त्यामुळे टप्पे दहा-दहा मीटरचे होतील. सावली मात्र भरपूर, म्हणजे सकाळी उशिरापर्यंत वाचता येईल.