ऑक्टोबरमधला रॉड्रिगेझ

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहे. न्यू जर्सीत राहायला आल्यापासून मी यांकीज या न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघाच्या मागे लागलो, ही गोष्ट नातेवाइकांत आणि इथल्या मराठी मंडळींत इतकी पसरली आहे की, बेसबॉलचा विषय निघाला की एक प्रश्न माझ्यासाठी राखून ठेवलेला असतो. परवा ठाण्याहून भाच्याने फोनवर तो पुन्हा विचारला : "मामा, तुमचा तो अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ एरवी धो धो मारायचा आणि मोक्याच्या वेळी गळपटायचा म्हणतात, ते खरं का?" फोनवर मी "अरे, तसं नाही" एवढेच म्हणालो. ते उत्तर खोटे नव्हते, पण पुरेही नव्हते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी दोन गोष्टी आधी सांगतो. बेसबॉलचा साधा हंगाम १६२ सामन्यांचा असतो आणि त्यातून तरलेले मोजके संघ ऑक्टोबरात बाद फेरी, म्हणजे प्लेऑफ, खेळतात. दहापैकी तीन वेळा ज्याचा फटका यशस्वी होतो, तो चांगला फलंदाज. त्याची सरासरी ०.३०० अशी लिहितात. म्हणजे उत्तम फलंदाजसुद्धा दहापैकी सात वेळा हात हलवत परत येतो. क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला हे पचायला जड जाते, पण पुढचे सारे यावरच उभे आहे.

रॉड्रिगेझ साधा फलंदाज नव्हता. डिसेंबर २००० मध्ये त्याने टेक्सासच्या संघाशी दहा वर्षांसाठी २५.२ कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा अमेरिकी खेळांत एवढी रक्कम कोणी ऐकलेली नव्हती. फेब्रुवारी २००४ मध्ये तो यांकीजकडे आला. २००३, २००५ आणि २००७ अशी तीन वर्षे तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि निवृत्त होईपर्यंत त्याच्या नावावर ६९६ होम रन, म्हणजे मैदानाच्या भिंतीपलीकडे जाणारे फटके, जमा झाले. इतका पैसा आणि इतके कौतुक ज्याच्या वाट्याला येते, त्याच्या प्रत्येक अपयशाची नोंद लोक व्याजासकट ठेवतात.

आरोपाची सुरुवात २००४ च्या ऑक्टोबरात झाली. बोस्टनच्या रेड सॉक्सविरुद्ध यांकीज ३-० असे पुढे होते, सातपैकी चार सामने जिंकायचे होते आणि तोवर रॉड्रिगेझ सुरेख खेळत होता. तिसऱ्या सामन्यात तर यांकीजनी १९ धावा केल्या. पुढचे चारही सामने बोस्टनने जिंकले आणि त्या चार सामन्यांत रॉड्रिगेझला १७ संधींत फक्त दोन हिट, म्हणजे यशस्वी फटके, मिळाले. पण लोकांच्या डोळ्यांसमोर आकडे राहिले नाहीत, राहिला तो सहाव्या सामन्यातला एक क्षण. नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये त्याने मारलेला चेंडू जमिनीवरून रांगत गेला, चेंडू टाकणाऱ्या, म्हणजे पिचर, ब्रॉन्सन अरोयोने तो उचलला आणि पळणाऱ्या रॉड्रिगेझला बाद करण्यासाठी हातमोजा पुढे केला. रॉड्रिगेझने त्या हातमोज्यावर चापट मारली. चेंडू निसटून बाजूला गडगडत गेला, यांकीजची एक धाव झाली आणि स्टेडियम दणाणून गेले. मग पंच एकत्र जमले, बोलले आणि त्यांनी त्याला बाद दिले. धावही रद्द झाली. रॉड्रिगेझ दोन्ही हात डोक्याला लावून उभा होता. घाबरलेला माणूस काय करतो याचे चित्र म्हणून ती चापट पुढे अनेक वर्षे दाखवली गेली, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या रात्री मलाही ती तशीच दिसली.

त्यानंतर २००५ मध्ये एंजल्स या संघाविरुद्ध १५ संधींत दोन हिट आणि २००६ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध १४ संधींत एक. २००६ च्या चौथ्या सामन्यात व्यवस्थापक जो टोरी यांनी त्याला फलंदाजीच्या क्रमात आठव्या जागी ढकलले. नऊ जणांच्या क्रमात आठवा म्हणजे ज्याच्याकडून फारशी अपेक्षा नाही असा माणूस. आदल्याच वर्षी सर्वोत्तम ठरलेल्या फलंदाजाचा हा जाहीर अपमान होता, आणि तो सामना हरून यांकीज घरी गेले.

अमेरिकेत मोक्याला उभा राहणाऱ्याला 'क्लच' म्हणतात आणि कच खाणाऱ्याला 'चोकर'. बजाजची स्कूटर चालवलेल्या माझ्यासारख्याला हे शब्द ऐकून गॅरेजच आठवते. पण विनोद बाजूला ठेवला, तर या दोन शब्दांमागे एक समजूत दडलेली आहे : दबाव सोसण्याची ताकद हा उंचीसारखा किंवा डोळ्यांच्या रंगासारखा माणसाचा कायमचा गुण असतो, तो असतो तरी किंवा नसतो तरी. माझे भांडण या समजुतीशी आहे.

भाचा दोन वर्षांपूर्वी इथे आला होता, तेव्हा आम्ही दोघांनी एक प्रयोग केला होता. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात दहा चिठ्ठ्या टाकल्या आणि त्यांतल्या तिनांवर फुली मारली. डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची, फुली आली तर हिट धरायचा, चिठ्ठी परत टाकून डबा हलवायचा आणि असे पंधरा वेळा करायचे. चिठ्ठ्यांना दबाव नसतो, पगार नसतो आणि प्रेक्षक त्यांची हुर्यो उडवत नाहीत. तरी पंधरात दोन किंवा त्याहून कमी फुल्या येण्याचा प्रसंग हिशेबाने सुमारे आठात एकदा येतोच. आमच्या तिसऱ्याच फेरीत भाच्याला दोन फुल्या मिळाल्या, आणि "आता तू चोकर" असे म्हणण्याची संधी मी सोडली नाही. दोन वर्षे मिळून २९ संधींत तीन, ही गोष्ट मात्र दुर्मीळ आहे. ती ऐंशीत एकदा घडेल. पण दर ऑक्टोबरात कितीतरी नामवंत फलंदाज खेळतात, तेव्हा त्यांतल्या कोणा ना कोणाच्या नशिबी अशी दोन वर्षे यायचीच. टेड विल्यम्सने १९४१ मध्ये ०.४०६ ची सरासरी गाठली होती, आणि त्याला उभ्या कारकिर्दीत मिळालेल्या एकमेव वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, १९४६ साली, २५ संधींत पाचच हिट मिळाले. बॅरी बाँड्सची २००२ पूर्वीची प्लेऑफमधली सरासरी ०.१९६ होती; त्या वर्षीच्या वर्ल्ड सीरिजमध्ये त्याने चार होम रन मारले आणि त्याला चोकर म्हणणारी तोंडे बंद झाली.

२००५ च्या त्या पंधरा संधींबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. पिचरने चार चेंडू कक्षेबाहेर टाकले तर फलंदाज फटका न मारताच पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, चालत जातो. याला 'वॉक' म्हणतात आणि सरासरीत तो धरला जात नाही. त्या मालिकेत रॉड्रिगेझला असे सहा वॉक मिळाले आणि बेसवर पोहोचण्याचे त्याचे प्रमाण ०.४३५ होते, म्हणजे प्रत्यक्षात उत्तमच. एंजल्सचे पिचर त्याला मारण्याजोगा चेंडू द्यायलाच तयार नव्हते. ज्याला प्रतिस्पर्धी इतके टाळत होते, त्याला त्याचेच प्रेक्षक घाबरट ठरवत होते. अर्थात त्याच मालिकेच्या शेवटच्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये, डेरेक जीटर बेसवर असताना रॉड्रिगेझने जमिनीवर मारलेल्या एका चेंडूवर दोघेही बाद झाले, हेही खरे. ते मी लपवत नाही.

जीटरचे नाव आलेच आहे तर तेही बोलू. तो न्यूयॉर्कचा लाडका. २००१ ची वर्ल्ड सीरिज नोव्हेंबरात गेली आणि त्याने तिथे होम रन मारून सामना जिंकून दिला, तेव्हापासून तो 'मिस्टर नोव्हेंबर'. त्याचे प्लेऑफचे सामने १५८ भरले, जवळजवळ एक पूर्ण हंगाम, आणि त्यांत त्याची सरासरी ०.३०८ राहिली. साध्या हंगामांत ती ०.३१० होती. म्हणजे दबावाचा बादशहा म्हणून ज्याचे गोडवे गायले गेले, तो ऑक्टोबरात नेमका एरवी होता तसाच होता. संख्याशास्त्राच्या अंगाने या खेळाकडे पाहणाऱ्या डिक क्रेमर यांनी १९७७ सालीच दाखवून दिले होते की, एका हंगामात मोक्याला खेळलेला फलंदाज पुढच्या हंगामातही तसाच खेळेल असे आकड्यांवरून म्हणता येत नाही. क्रेमर यांच्याशी माझा वाद नाही. पण यावरून काही मंडळी दबाव ही कल्पनाच भ्रामक आहे असा निष्कर्ष काढतात, तेव्हा मी त्यांच्यासोबत जात नाही. २००६ च्या उन्हाळ्यात घरच्याच मैदानावर लोक रॉड्रिगेझची हुर्यो उडवत होते आणि टीव्हीवर त्याच्या बॅटवरची मूठ चेंडू येण्याआधीच आवळलेली दिसत होती. तो कणखर नव्हता म्हणून असे झाले, असे मी म्हणणार नाही. त्या वर्षी तो वाईट अवस्थेत होता, एवढेच म्हणेन; आणि अवस्था बदलते.

ती बदलली हे दाखवणारे वर्ष २००९. फेब्रुवारीत त्याने २००१ ते २००३ या काळात उत्तेजके घेतल्याचे कबूल केले आणि मार्चमध्ये त्याच्या कमरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच्याबद्दल बोलायचे ते सारे वाईट बोलून झाले होते. ऑक्टोबरात मिनेसोटाविरुद्ध दुसऱ्या सामन्यात यांकीज नवव्या इनिंगमध्ये ३-१ असे मागे असताना त्याने जो नेथनसारख्या पिचरला होम रन मारून बरोबरी साधून दिली. आठवड्याभराने, १७ ऑक्टोबरला, एंजल्सविरुद्ध थंडी आणि पाऊस होता. घरातली सगळी झोपली होती आणि मी आवाज बंद करून, अंगावर शाल घेऊन टीव्हीसमोर बसलो होतो. अकराव्या इनिंगमध्ये एंजल्सनी ३-२ अशी आघाडी घेतली. समोर त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक सामने राखून दिलेला ब्रायन फ्युएंटेस होता आणि रॉड्रिगेझचे दोन स्ट्राइक, म्हणजे फुकट गेलेले चेंडू, झालेले होते. तिसरा झाला की तो बाद. तिसऱ्या चेंडूवर त्याने उजव्या बाजूला उंच फटका मारला. मी उठून टीव्हीच्या इतक्या जवळ गेलो होतो की चेंडू कुठे आणि पावसाचे थेंब कुठे ते कळेना. तो जेमतेम भिंतीपलीकडे पडला. सामना रात्री एकनंतर, तेराव्या इनिंगमध्ये यांकीजनी जिंकला. त्या प्लेऑफमध्ये रॉड्रिगेझची सरासरी ०.३६५ होती, सहा होम रन होते, आणि यांकीज विजेते ठरले.

इथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सीरिजचे पहिले दोन सामने पाहा : आठ संधी, हिट शून्य, सहा वेळा तीन स्ट्राइक होऊन बाद. मालिका तिथे उलटली असती तर २००९ हेही त्याच्या आरोपपत्रात गेले असते. चौथ्या सामन्यात, फिलाडेल्फियात, ४-४ अशी बरोबरी आणि दोन बाद (तीन बाद झाले की इनिंग संपते) असताना नवव्या इनिंगमध्ये त्याने पिचर ब्रॅड लिजला डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका, मारून आघाडी मिळवून दिली, म्हणून ते दोन सामने सगळे विसरले. लोकांचा हिशेब असा चालतो. ७ एप्रिल २००७ रोजी तिन्ही बेसवर आपले खेळाडू, दोन बाद, दोन स्ट्राइक अशा स्थितीत त्याने होम रन मारून बाल्टिमोरविरुद्धचा हरलेला सामना जिंकून दिला होता. पण तो एप्रिल होता, त्यामुळे तो दबाव धरत नाहीत. आमच्या मुंबईकरांना हे नवीन नाही. १९९९ मध्ये चेन्नईत पाठीच्या वेदनेने वाकलेल्या सचिनने पाकिस्तानविरुद्ध १३६ केल्या, सतरा धावा हव्या असताना तो बाद झाला, उरलेल्यांनी चारच धावा केल्या, आणि सामना हरवल्याचा ठपका कोणावर आला ते भाच्याला सांगायला नको. त्याच्या बापानेच तो ठेवला होता.

२०१० मध्ये टेक्सासविरुद्ध आणि २०११ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध, दोन्ही वर्षी यांकीजचा शेवटचा बाद झालेला फलंदाज रॉड्रिगेझच होता. २०१२ मध्ये २५ संधींत तीन हिट. जुने आरोप पुन्हा वर आले. तोवर तो सदतीस वर्षांचा झाला होता आणि वेगवान चेंडूपर्यंत त्याची बॅट वेळेवर पोहोचत नव्हती, एवढेच मला दिसत होते. (उत्तेजकांच्याच दुसऱ्या प्रकरणात २०१४ चा अख्खा हंगाम त्याने बाहेर काढला, ते वेगळे. ते प्रकरण चारित्र्याचे आहे, आणि चारित्र्यावरून मी त्याची बाजू कधीच घेतलेली नाही.)

त्या २०१२ च्या बाल्टिमोरविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये एका धावेने मागे असताना, व्यवस्थापक जो जिरार्डी यांनी त्याला बसवून राउल इबान्येझला पाठवले. इबान्येझ तेव्हा चाळीस वर्षांचा होता. त्याने होम रन मारून बरोबरी केली आणि बाराव्या इनिंगमध्ये आणखी एक मारून सामनाच जिंकला. भाचा म्हणतो की हाच पुरावा, मोक्याला त्याच्यावर कोणाचा विश्वास नव्हता. पण पिचर उजव्या हाताचा होता आणि इबान्येझ डावखुरा. उजव्या हाताच्या पिचरसमोर डावखुऱ्या फलंदाजाला चेंडू लवकर दिसतो, आणि रॉड्रिगेझ त्या ऑक्टोबरात उजव्या हाताच्या पिचरांसमोर पार निष्प्रभ ठरला होता. जिरार्डींनी त्याच्या काळजाचा विचार केला की हाताचा, हे तुम्हीच ठरवा. मी त्यांच्या जागी असतो तर २०१२ मध्ये त्याला बसवले असते, आणि २००६ मध्ये चौथ्याच जागी ठेवले असते.