कोपान–किरिग्वा पट: २७ एप्रिलचा घोळ अखेर सुटला

मंडळी, वाशाकचं डोकं अखेर योग्य दिवशी उडालं.

कोपान आणि किरिग्वा या दोन प्राचीन माया शहरांच्या राजांचा कालपट मी काढतेय. मागचं अपडेट ज्यांनी वाचलंय त्यांना आठवत असेल, हा पट ७३८ सालावर येऊन अडकला होता. २७ एप्रिल ७३८ च्या एकाच रेघेवर दोन टाचण्या. लाल टाचणी वाशाकलाहून उबाह काविलच्या, म्हणजे कोपानच्या तेराव्या राजाच्या, शिरच्छेदाची. केशरी टाचणी त्याच्या दोन देवांच्या लाकडी मूर्ती किरिग्वाच्या काक तिलिवने जाळल्या त्या दिवसाची. आता किरिग्वाचे शिलालेख तर स्वच्छ सांगतात की आधी मूर्ती जळल्या आणि मग सहा दिवसांनी राजा गेला. दोन्ही तारखा मी चांगल्या, अभ्यासू लोकांच्या याद्यांतून उचललेल्या. एकही यादी टाकाऊ नाही. तरी दोन्ही घटना एका दिवशी!

काही जणांनी सुचवलं होतं की लाल टाचणी सहा दिवस पुढे ढकल आणि विषय मिटव. तसं केलं असतं तर ७३८ दिसायला बरं झालं असतं, पण बाकी पटावर असे किती सांधे सैल आहेत ते कळलंच नसतं. म्हणून इंग्रजी तारखा सगळ्या बाजूला सारल्या आणि मूळ लाँग काउंट, म्हणजे मायांची शून्य दिवसापासूनची सलग दिवसमोजणी, घेऊन बसले.

शिरच्छेद ९.१५.६.१४.६, ६ किमि ४ सेक (मायांच्या २६० आणि ३६५ दिवसांच्या चक्रांतलं त्या दिवसाचं नाव). मूर्तिदहन ९.१५.६.१४.०. नुसत्या शेवटच्या आकड्याकडे बघितलं तरी सहा दिवस दिसतात. मग गडबड युरोपीय तारखेत रूपांतर करतानाच होतेय हे उघड होतं. प्रश्न एवढाच, की नेमकी कुठे.

आकडेमोड इथल्या कुणाला शिकवायला नको, पण या एका दिवसासाठी पूर्ण लिहिते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. ९ बाक्तुन म्हणजे १२,९६,०००. १५ कातुन १,०८,०००. ६ तुन २,१६०. १४ विनाल २८०. वर ६ किन. बेरीज १४,०६,४४६. शून्य दिवस ४ अहाव ८ कुमकू. बेरजेला १३ ने भागून बाकी २ उरते, त्यात ४ मिळवले की ६. वीसने भागून बाकी ६, म्हणजे किमि. ३६५ ने भागून बाकी १०१, ती ८ कुमकूपासून मोजली की ४ सेक. तिन्ही बाजूंनी कुलूप बसलं. दगडावरचा दिवस पक्का.

आता यात जुळणीचा आकडा मिळवायचा, म्हणजे माया शून्य दिवसाचा ज्युलियन दिवस (खगोलशास्त्रातल्या सलग दिवसमोजणीतला क्रमांक). तो नेमका किती यावर मतभेद आहेत. ५८४२८३ घेतला की ज्युलियन दिवस १९,९०,७२९ येतो. हा दिवस ज्युलियन कॅलेंडरमध्ये लिहिला तर २७ एप्रिल ७३८. मागे नेलेल्या ग्रेगोरियनमध्ये, म्हणजे आपल्या आजच्या कॅलेंडरमध्ये, लिहिला तर १ मे, कारण आठव्या शतकात दोघांत चार दिवसांचं अंतर आहे. ५८४२८५ घेतला तर २९ एप्रिल किंवा ३ मे. एकाच दुपारच्या चार तारखा! आणि मूर्तिदहनाच्या? २१, २३, २५ आणि २७ एप्रिल.

दिसला २७ एप्रिल? एका यादीत तो ५८४२८३ आणि ज्युलियनने आलेला शिरच्छेद होता, दुसरीत ५८४२८५ आणि ग्रेगोरियनने आलेलं मूर्तिदहन. दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर. फक्त कोणता आकडा आणि कोणतं कॅलेंडर वापरलंय ते दोन्हींपैकी कुणीही पानावर लिहिलेलं नाही. माझा सगळा राग त्यावर आहे. अरे, एक ओळ लिहा ना तळाशी! दाते आणि टिळक पंचांगवाले निदान मुखपृष्ठावरच सांगतात की आपण कोण.

यात संगणकही आपली भर घालतो. एक्सेलचा तर १९०० च्या आधीच्या तारखांशी संबंधच नाही, तो त्यांना साधा मजकूर समजतो. लिबरऑफिस १५ ऑक्टोबर १५८२ च्या आधीची प्रत्येक तारीख ज्युलियन धरतं. पायथॉनचं डेटटाइम पार इसवी सन १ पर्यंत ग्रेगोरियनच रेटत नेतं. म्हणजे तीच फाइल इकडून तिकडे नेली की तारखा चार दिवस सरकतात आणि कुणी चकार शब्द काढत नाही. ज्यांची स्वतःची शीट आहे त्यांनी आज रात्रीच ६ किमि ४ सेक टाकून बघा.

यातला सगळ्यात गमतीचा बळी काक तिलिव. तो वाशाकच्याच देखरेखीखाली किरिग्वाच्या गादीवर बसला, ९.१४.१३.४.१७, १२ काबान ५ कायाब. चार पद्धतींनी काढा: २७ डिसेंबर ७२४, २९ डिसेंबर ७२४, ३१ डिसेंबर ७२४, २ जानेवारी ७२५. सालच बदललं! कुठे ७२४ तर कुठे ७२५ का लिहिलेलं असतं, याचं कोडं मला कधीपासून होतं. मला वाटायचं शिलालेखाच्या वाचनात मतभेद असतील. तसं काहीच नाही, दगड एकच सांगतोय.

म्हणून आता पटाचा पायाच बदलला. आडव्या रेघेवर यापुढे इसवी सन नाही, लाँग काउंटचे दिवस. आपल्या सिद्धांतग्रंथांतला अहर्गणच म्हणा, आरंभापासून मोजलेले दिवस. त्यावर ज्या गोष्टी दिसतात त्या कोणत्याही जुळणीने हलत नाहीत, आणि खरी कथा तर तिथेच आहे. ९.१५.६.८.१३ ला वाशाकने कोपानच्या चेंडूमैदानाचं लोकार्पण केलं. तिथून ११३ दिवसांनी तो मेला. त्यानंतर ३९ दिवसांनी, ९.१५.६.१६.५ ला, चौदावा राजा काक होपलाह गादीवर आला. ३९ दिवस कोपानला राजा नाही! ३९ म्हणजे तीन तेरा, त्यामुळे मरणाचा दिवस ६ किमि आणि राज्यारोहणाचा ६ चिक्चान, आकडा तोच. मुद्दाम साधलेला की योगायोग, यावर मी काही बोलणार नाही, पण दोन्ही टाचण्यांवर सहाचा माया आकडा, एक ठिपका आणि एक दांडी, काढताना मजा आली.

काक तिलिवच्या बाजूने बघितलं तर गादी ते शिरच्छेद ४,८६९ दिवस, सव्वातेरा वर्षांहून थोडं जास्त. ज्याने गादीवर बसवलं त्यालाच संपवायला इतका काळ. मध्ये ७३६ ला कालाकमुल या दूरच्या माया राज्याच्या राजाचा धागा किरिग्वाला येऊन मिळतो, त्यामुळे हे दोन शेजाऱ्यांचं साधं भांडण नव्हतं हे पटावर आता डोळ्यांना दिसतं. त्या धाग्याला निळा रंग दिलाय. किरिग्वाजवळच्या मोताग्वा नदीच्या खोऱ्यातला जेडचा व्यापार कुणाच्या हातात, हे ज्याला कळलं त्याला हा निळा धागा कळला.

आता जुळणीचा आकडा कोणता घ्यायचा? यावर इथे पूर्वी वादावादी झालीय, तरी माझं मत मांडते. ५८४२८३ च्या बाजूने ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातले दिवस मोजणारे लोक आहेत. किचे लोकांत २६० दिवसांची मोजणी आजही चालते आणि ती याच आकड्याशी जुळते. ५८४२८५ ग्रहगणिताच्या बाजूने आलेला. आणि ५८४२८६ वाल्यांकडे पोको विनिकचा स्टेला, म्हणजे उभा कोरीव दगड, आहे: त्यावर ९.१७.१९.१३.१६ ला ग्रहणाचं चिन्ह, आणि १६ जुलै ७९० ला सूर्यग्रहण झालेलं. ५८४२८६ ने तो दिवस बरोबर ग्रहणावर बसतो, ५८४२८३ ने १३ जुलै येतो. हा पुरावा मला अस्वस्थ करतो हे खरं. तिकाल या माया शहरातल्या पहिल्या मंदिराच्या चिकूच्या लाकडी तुळईवर २०१३ मध्ये कार्बन कालमापन प्रसिद्ध झालं, त्याने ही सगळी भावंडं एकत्र बरोबर ठरवली. पण कार्बनला दोन-तीन दिवसांतला फरक कळत नाही, ते काम त्याचं नव्हेच.

मी ५८४२८३ आणि ज्युलियनवर थांबायचं ठरवत होते. हे लिहितालिहिता मात्र विचार बदलला. थांबायचं कशाला? पटावर दिवस पक्के आहेत. त्यावर पारदर्शक सरकपट्टी ठेवायची, तिच्यावर युरोपीय महिने छापायचे, आणि पट्टी दोन-तीन दिवस डावी-उजवीकडे सरकवायची! ज्युलियनची एक पट्टी, ग्रेगोरियनची एक. पटाच्या कडेला २८३, २८५, २८६ अशा तीन खाचा. ज्याला जो आकडा प्यारा त्याने त्या खाचेत पट्टी अडकवावी.

मुख्य पटावर हे जमणार नाही. तिथे वर्षाला ५ मिमी धरलेत, कोपानचा पहिला राजा किनिच याश कुक मो याच्या ४२६ पासून सोळा राजांनंतर आलेल्या उकित तोकच्या ८२२ पर्यंत दोन मीटरला थोडंसं कमी. त्यात दोन दिवस म्हणजे केसाचीही रुंदी नाही. म्हणून ७३८ ची वेगळी खिडकी काढतेय: दिवसाला ५ मिमी. चेंडूमैदानापासून चौदाव्याच्या राज्यारोहणापर्यंत १५२ दिवस, म्हणजे ७६ सेंमी. दोन दिवसांची सरक १ सेंमी, ज्युलियन-ग्रेगोरियनचं अंतर २ सेंमी. लांबूनही दिसेल.

पट्टीसाठी ओएचपी शीट वापरून बघितली. नको. शाई सुकल्यावरही बोटाला लागते आणि कडा वळतात. ड्राफ्टिंग फिल्म महाग आहे, पण तिच्या खरखरीत बाजूवर ०.१ चं पेन अजिबात पसरत नाही. आणि प्लॉटरवर छापून घेणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: दुकानात उभं राहून सेटिंग बघा. आमच्या इथल्या दुकानदाराने ‘फिट टू पेज’ ठेवून दिलं, ५ मिमीचं घर ४.८ चं झालं आणि वर म्हणतो, ‘ताई, डिझाइन तर सगळं आलंय ना?’ आलंय हो, फक्त सोळा राजांचं राज्य आखूड झालं. आता फाइलच्या कडेला १० सेंमीची मोजपट्टी छापते आणि पैसे द्यायच्या आधी तिच्यावर स्टीलची पट्टी ठेवते.

राजांवरून आठवलं, अल्टार क्यू या कोपानच्या दगडी वेदीवरच्या राजांची सोळा चित्रं पूर्ण झाली! चार बाजू, प्रत्येक बाजूला चार राजे, बहुतेक जण आपल्याच नावाच्या चिन्हावर मांडी घालून. समोरच्या बाजूला पहिला राजा, डोळ्यांभोवती वर्तुळं असलेला, सोळाव्या याश पासाहच्या हातात दंड देतोय आणि दोघांच्या मधे ६ काबान १० मोल, याश पासाहच्या राज्यारोहणाचा दिवस. त्या दोघांत १,२३,०२० दिवसांचं अंतर आहे, पण दगडावर हात हाताला लागलाय. तो दंड काढायला मला बाकीच्या पंधरांपेक्षा जास्त वेळ लागला आणि तो माझा आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला तुकडा आहे. वेदीजवळच्या खड्ड्यात पंधरा जॅग्वार पुरलेले सापडले, पूर्वजांमागे एक. ते मात्र मी काढणार नाही, मांजरं मला जमत नाहीत. कोपानच्या मानचिन्हातलं वटवाघूळ, ते पानासारखं नाक असलेलं, चांगलं जमतं. आता प्रत्येक राजाच्या चौकटीवर तेच आहे.

पटाचं उजवं टोक मुद्दाम उघडं ठेवलंय. उकित तोकने ८२२ च्या दिवसासाठी वेदी कोरायला घेतली, अल्टार क्यू ची नक्कल करायला गेला आणि ती कोरून पूर्ण झालीच नाही. तिथे पेन्सिलची नुसती बाह्यरेषा राहील, शाई नाही.

एक विषयांतर. अहर्गणाचं नाव काढलं की कुणीतरी माया लोकांचा संबंध मयासुराशी जोडतंच, परवा आमच्या काकांनीही जोडला. कलियुगाचा आरंभदिवस आणि माया शून्य दिवस यांत ५८४२८३ धरून ४,१८३ दिवस आहेत, साडेअकरा वर्षांच्या आत. योगायोग म्हणून गोड आहे. त्यापुढे काही नाही. कृपा करून त्यावर फॉरवर्ड पाठवू नका.

यानंतर तिकाल–कालाकमुल घेणार असं जाहीर केलं होतं, ते पुढे ढकललं. आधी पालेंके या माया शहराच्या पाकाल राजाला नव्या रेघेवर आणते, कारण त्याच्या राज्यारोहणाच्याही २४, २६, २७ आणि २९ जुलै ६१५ अशा चारही तारखा माझ्या वहीत वेगवेगळ्या पानांवर लिहिलेल्या सापडल्या. जन्म ते मृत्यू २९,३७८ दिवस, हा एक आकडा टाकला की तो ऐंशी वर्षं जगला याबद्दल पटावर वाद उरत नाही.

पुण्यात ड्राफ्टिंग फिल्म मीटरवर कापून देणारं कुणी माहीत असेल तर सांगा. अख्खा रोल घेणं परवडत नाही, आणि पट्ट्या आता दोनाच्या चार व्हायला लागल्यात.