तुम्ही विचारलंत म्हणून: बाहेर फेकलेलं आयझॉल विजेतं झालं कसं?

भारतीय फुटबॉलचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला आहे: एका हंगामात आय-लीग या देशाच्या तेव्हाच्या अव्वल लीगमधून बाहेर गेलेला संघ पुढच्याच हंगामात विजेता कसा होतो? चमत्कारच ना? हंगाम 2016-17, संघ मिझोरामचा आयझॉल एफसी. पाठोपाठ इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये असंच अनपेक्षितपणे विजेतं ठरलेल्या लेस्टरचं नावही येतं.

आधी लेस्टर बाजूला ठेवू. 2015-16 मध्ये लेस्टरनं 38 पैकी फक्त तीन सामने गमावले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलपेक्षा दहा गुण जास्त मिळवले. आयझॉलनं तीन सामने गमावले ते 18 मध्ये, आणि आघाडी होती एका गुणाची. म्हणजे ही दोन्ही विजेतेपदं वेगळ्या जातीची आहेत.

आता ‘बाहेर गेलेला संघ’ याचा अर्थ. 2015-16 मध्ये आय-लीगमध्ये नऊ संघ होते. आयझॉल आठवं आलं. तळाला होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, पण थेट प्रवेश मिळालेला क्लब म्हणून त्याला पदावनतीतून, म्हणजे खालच्या श्रेणीत जाण्यातून, सूट होती. नवव्याचा बोजा आठव्यावर पडला. त्यानंतर आयएसएलला (इंडियन सुपर लीग, दुसरी फुटबॉल लीग) देशाची अव्वल लीग करण्याचा आराखडा भारतीय फुटबॉल महासंघानं पुढे आणला. त्याच्या निषेधार्थ गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे संघ आय-लीगमधून बाहेर पडले. दुसऱ्या श्रेणीतून वर आलेल्या धेंपोनंही माघार घेतली. जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला परत बोलावलं गेलं. आय-लीगची पहिली सहा विजेतेपदं गोव्यातच गेली होती: धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. या घराण्यांपैकी त्या हंगामात मैदानात उरलं एकटं चर्चिल, तेही ऐनवेळी परत घेतलेलं. दार उघडलं ते असं, कागदावर.

पण आत येणं वेगळं आणि जिंकणं वेगळं. त्यासाठी 2016-17 चा गुणतक्ता पाहायला हवा, आणि तो नुसत्या गुणांच्या रकान्यावरून वाचू नये. आयझॉल: 11 विजय, 4 बरोबरी, 3 पराभव, 24 गोल केले, 15 खाल्ले, गुण 37. कोलकात्याचं मोहन बागान: 10 विजय, 6 बरोबरी, 2 पराभव, 27 गोल केले, 12 खाल्ले, गुण 36. बागान कमी वेळा हरलं, त्यानं गोल जास्त केले, कमी खाल्ले. गोलफरक बागानचा अधिक 15, आयझॉलचा अधिक 9. तरी करंडक मिझोराममध्ये गेला, कारण विजयाला तीन गुण असतात आणि बरोबरीला एक. दोन बरोबरींऐवजी एक विजय आणि एक पराभव घेतला तर दोनाऐवजी तीन गुण पडतात. दोन्ही संघांच्या आकड्यांत नेमका एवढाच फरक आहे.

हाच तक्ता विजयाला दोन गुण धरून मांडून पाहा. इंग्लंडनं 1981 मध्ये तीन गुणांची पद्धत आणली, तोवर बहुतेक ठिकाणी दोनच गुण असत. त्या हिशेबानं आयझॉल 26 आणि बागानही 26. विजेता ठरवायला पुढचा निकष काढावा लागला असता. विजेत्या संघाच्या कौतुकात हे कुणी सांगत नाही, पण माझ्या मते त्या हंगामाचं मर्म इथंच आहे. आयझॉल सर्वांत भक्कम संघ नव्हतं. बरोबरीत सुटणारा सामना एका गोलनं काढून घेण्यात ते पटाईत होतं.

हे प्रशिक्षक खालिद जमील यांच्या पद्धतीत बसतं. कित्येक हंगाम मुंबई एफसीला तोकड्या साधनांत आय-लीगमध्ये टिकवून ठेवणारा हा माणूस 2016 मध्ये तिथून दूर केला गेला आणि आयझॉलला गेला. मागे दाटीनं बचाव, मधल्या फळीत चेंडू हिसकावणारे आणि संधी मिळाली की थेट पुढे किंवा कॉर्नर-फ्री किकवर गोल. बघायला सुंदर नाही, हे मान्य. मुंबईतून जयेश राणे आणि आशुतोष मेहता त्यांच्याबरोबर गेले, गोलमध्ये गोव्याचा आल्बिनो गोम्स उभा राहिला. मध्यभागी सीरियाचा महमूद अल आमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारियन. बाकीचा कणा स्थानिक मिझो पोरांचा, आणि धावण्यात त्यांना तोड नव्हती. विरुद्ध बाजूला बागान आणि बंगळुरू एफसी यांना त्याच काळात एएफसी कप या आशियाई क्लब स्पर्धेचे सामनेही खेळायचे होते. आयझॉलचं लक्ष एकाच स्पर्धेवर होतं.

शेवटच्या दोन फेऱ्या कागदावर मांडल्या की सगळं स्वच्छ दिसतं. 16 सामन्यांनंतर दोघंही 33 गुणांवर. 22 एप्रिल 2017 ला आयझॉलमध्ये बागानशी गाठ पडली आणि 83व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्तेनं गोल केला: 1-0. आयझॉल 36, बागान 33. समजा तो गोल झालाच नसता, तर दोघं 34 वर आले असते. मग शेवटच्या दिवसाचे निकाल तसेच ठेवले तर बागान 37 आणि आयझॉल 35. एका गोलनं विजेता बदलला, असं इथं अक्षरशः म्हणता येतं.

30 एप्रिलला आयझॉलला एक गुण पुरेसा होता. सामना शिलाँगमध्ये, लाजोंगविरुद्ध. हंगामात 11 गोल करून अव्वल ठरलेल्या आसेर पियेरिक दिपांडानं नवव्याच मिनिटाला लाजोंगला पुढे नेलं. तिकडे कोलकात्यात बागाननं चेन्नई सिटीला 2-1 नं हरवलं. आयझॉल तसंच हरतं तर दोघं 36 वर अडकले असते. 67व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलानं बरोबरी साधली आणि ईशान्येकडे पहिल्यांदाच देशाचं लीग विजेतेपद गेलं.

असे हिशेब स्वतः करायचे तर तक्त्याशेजारी दोन रकाने वाढवा: उरलेले सामने, आणि ते सगळे जिंकले तर होणारे गुण. लोक चुकतात ते खेळलेल्या सामन्यांकडे न बघता गुणांची तुलना करण्यात. दोन सामने कमी खेळलेला संघ पाच गुणांनी मागे दिसला तरी तो पुढे जाऊ शकतो. तळाशी बघताना कोणत्या क्लबला पदावनतीतून सूट आहे तेही आधी शोधा. 2016 मध्ये आयझॉलला हाच नियम भोवला होता.

आणि महाराष्ट्राचं काय, हेही विचारलं जातं. ज्या हंगामात जमील आयझॉलला विजेते करत होते, त्याच हंगामात मुंबई एफसी आय-लीगमधून खाली गेलं आणि पुढे बंद पडलं. डीएसके शिवाजियन्सही पुढच्या हंगामाआधी बाहेर पडलं. 2017-18 च्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. विजेत्या आयझॉलला आयएसएलमध्ये जागा मिळाली नाही, कारण तिथं बढतीची वाट नव्हती. बंगळुरू मात्र त्याच वर्षी बोली लावून आत गेलं. आयझॉलच्या वाट्याला एएफसी चॅम्पियन्स लीगची पात्रता लढत आली. 2018 च्या जानेवारीत इराणमध्ये तिथल्या झोब आहन क्लबनं त्यांना 3-1 नं हरवलं, आणि तोवर अल आमना आणि जमील ईस्ट बंगालमध्ये गेले होते.