आमची वाटचाल : दीड कोटीचं कुंपण आणि त्यापुढे

आम्ही पत्र्याचे प्रेस पार्ट्स बनवतो. जीएसटीच्या आधी लघुउद्योगांना वर्षाला दीड कोटीपर्यंतच्या मालावर उत्पादन शुल्क माफ होतं. सवलत चांगलीच, पण उलाढाल त्या आकड्याजवळ आली की नवी ऑर्डर घ्यायची की नाही, यावर घरात खल चालायचा. ओळखीतल्या काहींनी दुसऱ्यांदा माफी मिळावी म्हणून बायकोच्या नावाने दुसरी फर्म काढली. मशीन तीच, कामगार तेच, बिलबुक तेवढं वेगळं. आम्ही तसं केलं नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं, दोन हिशेब सांभाळायला माणूस नव्हता. मग मार्चमधली कामं एप्रिलवर ढकलायची.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि ते कुंपण गेलं. परराज्यातल्या विक्रीवर कमी कर लागावा म्हणून ग्राहकाकडून घ्यायच्या ‘सी’ फॉर्मच्या मागे धावणंही संपलं. छोट्या धंद्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत कर नाममात्र होता, पण त्यात ग्राहकाला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची आपल्या करातून वजावट, मिळत नाही. आमचे ग्राहक कंपन्या. क्रेडिट नाही म्हटल्यावर त्या कोटेशनही मागत नाहीत. म्हणून नियमित नोंदणी घेतली आणि धंदा खरंच वाढला.

वर्तमानपत्रांत वाद होतो तो दराचा. आम्हाला जाच होतो तो तारखेचा. एक लाखाचं बिल फाडलं की वर 18 हजार कर. पत्र्यावरचं क्रेडिट वजा करून उरलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरायची, आणि ग्राहक पैसे देणार नव्वद दिवसांनी. म्हणजे सरकारचा कर आधी आमच्या सीसी (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाच्या) खात्यातून, बँकेचं व्याज भरून. उशीर झाला तर वर 18 टक्के व्याज. त्यात 2022 पासून पुरवठादाराने आपलं बिल जीएसटीच्या पोर्टलवर चढवलं नाही, तर आमचं क्रेडिट अडकतं, आम्ही त्याचे पैसे चुकते केले असले तरी. त्यामुळे आता भाव विचारण्याआधी समोरच्याची रिटर्नं तपासतो. यात एक-दोन छोटे, कामाला चोख पुरवठादार सुटले, त्याची रुखरुख आहे.

मग आयकराचं 43बी(एच) आलं : सूक्ष्म, लघु उद्योगांची बिलं जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवली नाहीत आणि वर्षअखेरीलाही थकलेली असली, तर ग्राहकाच्या आयकरात त्या वर्षी तो खर्च वजावटीला धरत नाहीत. एका ग्राहकाचे पैसे खरोखर वेळेवर यायला लागले. दुसऱ्याने सुचवलं, “तुमची उद्यम नोंदणीच रद्द करा ना,” म्हणजे लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद, जिच्यामुळे हा नियम त्याला लागतो. आम्ही नाही म्हणालो. त्याच्याकडचं काम सध्या निम्म्यावर आलंय.