ठिबक विकणारी टीम तयार करताना: माझा अनुभव

जळगाव जिल्ह्यात ठिबक आणि पीव्हीसी पाइप विकणाऱ्या मुलांची टीम मी सांभाळतो. माल सगळ्यांकडे जवळपास सारखाच, भावातही फार फरक नसतो. शेतकरी पुन्हा कोणाकडे येतो, तर ज्याने दिलेला शब्द पाळला त्याच्याकडे. टीमच्या बोलण्या-वागण्याच्या सवयी मी या एकाच गोष्टीभोवती बसवत गेलो.

सुरुवात सकाळच्या बैठकीपासून. उन्हाळ्यात ती लवकर उरकावी लागते, कारण मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि दहा-साडेदहानंतर शेतात कोणी निवांत बोलत नाही. बैठक उभ्यानेच, १५ मिनिटांची. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: काल कोणाला काय कबूल केलं, आज काय पूर्ण व्हायचं आहे, कुठे अडलं आहे. अडलेलं तिथेच सोडवायला घेतलं की पाऊण तास जातो आणि बाकीचे मोबाइलमध्ये डोकं घालतात. म्हणून ते ज्याचं त्याच्याशी, बैठकीनंतर. टार्गेटही सगळ्यांसमोर काढत नाही. मागे पडलेला मुलगा सगळ्यांदेखत आकडा ऐकतो आणि दुपारी कुठेतरी उधारीवर माल टाकून मोकळा होतो.

कबूल केलेलं सगळं एका जाड वहीत जातं. रकाने साधे आहेत: नाव, गाव, पीक, एकर, काय कबूल केलं, तारीख, कोण करणार. ‘बघतो’, ‘करून टाकू’, ‘दोन-चार दिवसांत’ असलं काही वहीत चालत नाही, तारीखच लागते. माझे शब्दही त्याच वहीत: पेट्रोलचे पैसे कधी, इन्सेंटिव्ह कधी, कोणाची रजा मंजूर. टीम सांभाळणाऱ्याच्या तारखा वहीत नसतील तर वही म्हणजे मुलांवरचा पहारा होतो आणि थोड्याच दिवसांत नोंदी खोट्या पडू लागतात. तारीख चुकणार असं दिसलं तर आदल्या दिवशी फोन करायचा. उशीर झाला तरी शेतकरी समजून घेतो, पण गडी लावून तो वाट बघत बसला आणि गाडी आलीच नाही, हे तो विसरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागला तो भाव सांगण्याआधी विचारायची सवय लावायला. नवा मुलगा बांधावर पोचला की एकरी किती पडेल तेच सांगतो. आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: पीक कोणतं आणि लागवड किती बाय किती, पाणी विहिरीचं, बोअरचं की नदीचं, मोटर किती एचपीची, लाइट दिवसा की रात्री. भाव शेवटी.

मोटरचं पाणी तर तोंडी विचारून भागत नाही. २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवायचा आणि मोबाइलवर वेळ लावायची. ड्रम ३० सेकंदांत भरला तर तासाला २४,००० लिटर. आता केळी ५ बाय ५ फुटांवर असेल तर एकरात १,७४० च्या आसपास खोडं आणि ओळीला एकेरी नळीने सुमारे २,६५० मीटर लॅटरल, म्हणजे ओळीत अंथरायची ठिबकची नळी. त्यावर दर ४० सेंटिमीटरवर तासाला ४ लिटर पाणी सोडणारे ड्रिपर घेतले तर एकरी तासाला साधारण २६,५०० लिटर पाणी लागतं. म्हणजे ही मोटर एकावेळी पूर्ण एकरही नीट चालवणार नाही. दोन एकर एकदम चालेल असं सांगून आलेल्या मुलाची तक्रार शेवटच्या ओळी सुकल्या की येणारच. शेतकऱ्यासमोर ड्रम भरून, वहीवर गणित मांडून सेक्शन, म्हणजे एकावेळी भिजवायचे भाग, पाडायला सांगितले की भावाची घासाघीसही कमी होते, कारण समोरच्याने आपलं शेत समजून घेतलं हे त्याला दिसलेलं असतं. फिल्टरचंही असंच. तापीच्या पाण्याला शेवाळामुळे वाळूचा फिल्टर हवा, रेती फेकणाऱ्या बोअरला हायड्रोसायक्लोन, म्हणजे पाणी गोल फिरवून रेती वेगळी करणारा फिल्टर. क्षाराच्या पाण्यात ड्रिपर तुंबू नयेत म्हणून ॲसिड ट्रीटमेंट करावी लागेल, हे विकतानाच सांगायचं.

मुलासोबत शेतावर गेलो की मी बोलणं हातात घेत नाही. मी तोंड उघडलं की शेतकरी पुढचा प्रत्येक फोन मलाच करणार आणि त्या गावात मुलाची किंमत संपणार. “आपल्या गावाचं काम हेच बघतात, आबा,” एवढं सांगून बाजूला बसतो. सूट द्यायचा छोटासा अधिकारही मुलाकडेच ठेवला आहे. शेतकऱ्याने माझ्याकडे बघून भाव विचारला तरी उत्तर तोच देतो. त्याचं काही चुकलं तर तिथे टोकत नाही, फक्त चुकीचा आकडा गेला तर लगेच दुरुस्त करतो. बाकीचं परतीच्या वाटेवर, आणि तेही प्रश्नाने सुरू: “काय विचारायचं राहिलं?” बहुतेक वेळा त्याला स्वतःलाच माहीत असतं.

भाषेबद्दल एक सांगायला हवं. अमळनेर-पारोळ्याकडे अहिराणीत “पानी कितलं शे, नाना?” म्हणणाऱ्या मुलाला खाट लगेच मिळते. रावेर-यावलकडे लेवा बोलीचा वळसा वेगळा. पण ज्याच्या घरची अहिराणी नाही त्याने ती ओढूनताणून बोलू नये, थट्टा केल्यासारखी वाटते. साध्या मराठीत आबा, नाना, आप्पा म्हणून आदराने बोललेलं कुठेही चालतं.

अनुदानाच्या बाबतीत ‘मिळेलच’ हा शब्द आमच्याकडे बंद आहे. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, निवड, कागदपत्रं, कृषी खात्याची पूर्वसंमती, मग खरेदी, मग मोका तपासणी म्हणजे शेतावर येऊन पाहणी, असा क्रम सांगायचा. पूर्वसंमतीआधी बिल फाडलं तर अनुदान अडकतं, आणि पैसे खात्यावर कधी पडतील हे आपल्या हातात नसतं. हे स्पष्ट सांगितल्याने एखादा सौदा लांबतो. लांबू द्यावा.

तक्रारीचा फोन आला की पूर्ण ऐकायचं, मध्ये ‘पण तुम्ही’ म्हणायचं नाही, ऐकलेलं त्याच्याच शब्दांत परत सांगायचं आणि माणूस कधी येणार ती वेळ द्यायची. मेमध्ये केळीची तक्रार दुसऱ्या दिवसावर टाकायची नाही. जॉइनर, ग्रोमेट, टेकऑफ, एंड कॅप असे नळ्या जोडायचे आणि बंद करायचे सुटे भाग मुलाच्या गाडीच्या डिकीत असतातच.

उधारीची तारीख माल देतानाच ठरते आणि ती पिकाशी जोडलेली असते: कापसाचा माणूस वेचणीनंतर, केळीचा कटाईनंतर, कोणी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. वसुलीचं बोलणं पारावर, बाजारात किंवा पाहुण्यांसमोर कधीच नाही. तारखेच्या आठवडाभर आधी मुलगा शेतावर जातो, आधी पिकाचं विचारतो, मग तारखेची आठवण देतो. भाव पडल्यामुळे पूर्ण रक्कम जमत नसेल तर निम्मी आज आणि उरलेल्याची नवी तारीख त्याच्यासमोरच वहीत लिहितो, आणि सही दोघांची घेतो.